खोबऱ्याची पातळ चकती

मंगळवार, दिवेलागण. रहिमतपूर

वाईच्या घाटावरून येऊन तास झाला, पण मन अजून तिथल्या पायरीवरच बसलंय. सासूबाईंचे दात गेल्यापासून त्या नारळाचा प्रसाद नुसता डोळ्यांना लावतात आणि मला देतात. खाता येत नाही यापेक्षा, प्रसाद नाकारल्यासारखं होतं हे त्यांना जास्त लागतं.

म्हणून मी बाजारातून साठ रुपयांचा घडीचा चाकू घेतला, पर्समध्ये मावणारा. हे म्हणाले, "असल्या चाकूनं लोणी तरी कापतंय का? माझा मिल्ट्रीतला हाय की." आहे, पण तो चांगला म्हणून कायम पेटीत. पेटीतल्या धारेचा उपयोग काय? माझ्या चाकूचं पातं जरा डुगडुगतं, तेवढं मात्र खरं.

आज घाटावर मी त्याच चाकूनं खोबऱ्याची चकती काढली. इतकी पातळ, की कृष्णेचं पाणी तिच्यातून हलताना दिसलं. खरंच दिसलं, की मला भास झाला? अजून डोळ्यांपुढं हलतंय.

सासूबाईंनी चकती जिभेवर ठेवून डोळे मिटले. मग हात पुढं करून म्हणाल्या, "आणखी एक दे गं."

लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही.