दुसरी गाडी

प्रिय विजू,

खुशाली विचारत नाही, कारण रागात आहे. तू सरपंच झालीस तेव्हा पहिला फोन माझा होता, एवढं ध्यानात ठेवून वाच.

सीना नदीला पूर आला त्या आठवड्यात चाकणमधल्या आपल्या गावच्या माणसांना घास गोड लागला नाही. आमच्या कंपनीतल्या बायकांनी एकेका दिवसाचा पगार दिला. त्यात अनिता इथलीच, खेडची; तिनं आपलं गाव पाहिलेलंही नाही. आपल्या गावकरी मंडळाच्या दादासाहेबांनी पिंपरीच्या बाजारातून चादरी, पातेली आणली. शिफ्ट सुटल्यावर पिशव्या मीच भरल्या. भरताना सारखी नदीकाठची आमची वस्ती दिसत होती, सगळ्यांच्या आधी पाण्यात गेलेली. आधी बौद्धवाड्यात द्या, असं मी कुणालाच सांगितलं नाही. गरजच वाटली नाही. तिथे तू होतीस ना.

गाडी गावात पोचली, त्यानंतर चार दिवसांनी आईचा फोन आला. शाळेच्या वर्गात बाकी बायकांसोबत फरशीवर झोपत होती. रडली नाही, तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "आमरे, ती दुसरी गाडी कधी निघनार हाय गं? विजू म्हनली, वस्तीचं सामान त्या गाडीत हाय."

विजू, दुसरी गाडी नव्हतीच. गावातल्या प्रत्येक चुलीची पिशवी त्या एकाच गाडीत होती. यादी माझ्या हातची. वरच्या आळीत पाणी उंबऱ्यालाही शिवलं नाही, तिथे घरटी दोन-दोन गेल्या. तुला विचारलं तर म्हणालीस, लोकांचा दबाव होता, समजून घे. कुणी समजून घ्यायचं? माझ्या आईनं? शाळेत माझ्या डब्यातली तिच्या हातची भाकरी तू घरच्यांपासून लपवून खायचीस. तेव्हा लहान होतीस, भीत होतीस. आता गावाचा शिक्का तुझ्या हातात आहे. लोकांपुढे बोलायचं धाडस नव्हतं, तर निदान तिला खरं सांगायचंस. चार दिवस ती रस्त्याकडे बघत बसली.

येत्या रविवारी मंडळानं पिंपरीत तुझा सत्कार ठेवलाय, मदत चोख वाटली म्हणून. प्रास्ताविक माझ्याकडे आहे, आणि वर लिहिलेलं सगळं मी माईकवर सांगणार आहे. आईला इकडे घेऊन आलेय. ती पहिल्या रांगेत असेल. मागून वार केला असं तुला वाटू नये, म्हणून आधी कळवलं. माझ्या आधी तू स्वतः उठून बोललीस, तर मी खाली बसेन.

अजून तरी तुझीच,
आम्रपाली