पुण्याची रोहिणी, सिद्धेश्वरचं धरण

१४ ऑक्टोबर २००७, रविवार

एक तास इंटरनेट — वीस रुपये. हा गिऱ्हाइकाचा भाव. माझ्या पोरीला फुकट. अन् हा फुकटाचा तासच मला सगळ्यात महाग पडून राहिला! सहामाहीत केमिस्ट्रीचे मार्क निम्म्यावर आले. बायकोनं, पद्मानं, दोन दिवस अबोला धरला. माझी दुपारची डुलकी गेली. एवढी किंमत कुठल्या गिऱ्हाइकानं मोजली नसेल.

पद्मा बोलली तेव्हा एकदमच बोलली — "बारावीचं वर्ष हाय, अन् ऐश्वर्या तुमच्याच दुकानात बसून वाया चालली. बंद करा ते डबडं!"

"त्याच डबड्यावर घर चालतं," मी म्हटलं.

"घर चालवा की. लेकराला काहून त्याच्या नादी लावता?"

 हसलो. उत्तर सुचलं नाही की मी हसतो, जुनी सवय.

१६ ऑक्टोबर

कॉम्प्युटर यायच्या आधी इथं माझा एसटीडी बूथ होता. बसस्टँडसमोर काचेची केबिन, बाहेर स्टुलावर मी. डोळे पेपरात, कान केबिनमध्ये. कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या पोराची नोकरी गेली — अर्ध्या हिंगोलीचं आधी मला कळायचं. पुढं कोणाला सांगितलं नाही, म्हणून धंदा टिकला. पण ऐकलं सगळं! अन् हा माणूस ऐकून राहिला, हे एकालाही कधी कळलं नाही. असे कान गावात दुसरे नाहीत. बाहेर बोलत नाही, इथं लिहितो.

आता चार कॉम्प्युटर. पोरं तास तास बोलतात अन् तोंडातून आवाज नाही! नुसती खटखट. ऐश्वर्या मधेच एकटी हसते. कोणाला हसली? कान देऊन बसलो. पंखा ऐकू आला.

१९ ऑक्टोबर

प्रमोदला विचारलं. पॉलिटेक्निकचा पोरगा, रोजचं गिऱ्हाईक.

"ऑर्कुट हाय ते, सोनाजीभाऊ. स्क्रॅप म्हंजे चिठ्ठी. पण उघडी. कोणाचीबी कोणीबी वाचावं."

उघडी! मग हे तर बूथसारखंच झालं.

"मला बी खातं काढून दे."

"तुमच्या नावानं?"

"न्हाई."

"भाऊ, या वयात!" — दात काढत काढून दिलं. नाव रोहिणी, राहणार पुणे. फोटो पाहिजे म्हणाला, तर दुकानातल्या कॉम्प्युटरवर होता तो लावला. सिद्धेश्वर धरणाचा. सहलीला गेलो होतो तेव्हा ऐश्वर्यानंच काढलेला. झकास दिसतो.

२१ ऑक्टोबर

वाचलं. ऐश्वर्याच्या पानावर काय काय! कोण कुठली टगी — फोटो मस्त आहे, दोस्ती करशील का. पोरीनं उत्तर दिलेलं दिसत नाही, पण त्यांनी विचारलं तर!

एका शीतलशी मात्र सारखं चालू. औरंगाबाद, बी. फार्मसी, दुसरं वर्ष. पण शीतल पोरगीच कशावरून? मी रोहिणी आहेच ना!

मराठीच लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत, अन् शब्द अर्धे खाल्लेले. निम्मं डोक्यावरून गेलं.

२४ ऑक्टोबर

जीव थाऱ्यावर नाही. दुकानातून घरी, घरून दुकानात. गिऱ्हाइकाला सुटे पैसे दोनदा दिले.

एक बरं झालं — ऐश्वर्या आता शब्द पूर्ण लिहून राहिली. सगळं वाचता येतं. पोरीची भाषा सुधारली! पद्माला सांगावंसं वाटलं. पण कसं कळलं म्हणून सांगू?

शीतल तिला केमिस्ट्री शिकवते. कुठला धडा आधी, कुठला सोडला तरी चालतो, सगळं. हे शिकवणीवाल्या सरांनी सांगितलं नव्हतं.

माझ्या पानाच्या कोपऱ्यात ऐश्वर्याचं नाव येऊन बसलंय, फोटोसकट. मी सारखा तिच्याकडंच जातो, ते मशीनला कळलं असणार. हुशार आहे.

२ नोव्हेंबर

आजची तिची चिठ्ठी, जशीच्या तशी — "शीतलताई, मला फार्मसीच करायचीय. पप्पांनी इथंच बी.एस्सी. ठरवलंय, घरून जाऊन-येऊन. त्यांना विचारायचं कसं? ते रागावत नाहीत. हसतात. ते हसले की विषय संपला. ते हसणं लई मनाला लागतं."

तेवढ्यात लोडशेडिंगची लाईट गेली. पोरं पैसे परत मागत होती. मी जागेवरून उठलो नाही.

३ नोव्हेंबर

गिऱ्हाइकं आली, गेली. एकदाही हसलो नाही.

२० नोव्हेंबर

तिनं लिहिलंय — "ताई, घरचं कोणी येऊन बघून गेलं तर किती बरं होईल." शीतलचं उत्तर — "रविवारी मी हॉस्टेलवरच असते. गेटवर माझं नाव सांगायचं." वर पत्ता दिला, बसस्टँडपासून रिक्षा कुठून मिळते तेही. असं उघड्यावर! पोरींना अक्कल नाही. माझी मात्र सोय झाली.

२६ नोव्हेंबर, सोमवार

काल औरंगाबाद. पद्माला सांगितलं, कॉम्प्युटरचे पार्ट आणायचेत.

शीतल पोरगीच आहे! चष्मा, बारीक अंगाची, सेनगावकडची. मी ऐश्वर्याचा बाप म्हटलं, तर दचकलीसुद्धा नाही. "जय भीम काका. या, बसा."

"सहज आलो होतो," मी म्हटलं.

"व्हय काका, सहजच येतात सगळे."

वॉर्डनबाई भेटल्या. मेस पाहिली. नळाला पाणी पाहिलं. तकलीफ काय काय म्हणून विचारलं. "पहिले दोन महिने रडू येतं काका. मग न्हाई येत." खरं बोलली. खोटं बोलणारी 'काहीच न्हाई' म्हणाली असती.

बसमध्ये बाजूच्यानं किती गप्पा मारल्या. एक ऐकली नाही.

२७ नोव्हेंबर

जेवताना मीच विषय काढला. "बारावी झाली की फार्मसीचंच बघू. औरंगाबादला. हॉस्टेल चांगलं हाय."

पद्माचा घास हातातच राहिला. "पार्ट आणायला गेलते का हेच्यासाठी?"

ऐश्वर्या म्हणाली, "पप्पा! तुमाला कसं कळलं?"

"बाप हाय मी. मला न बोललेलं बी ऐकू येतं."

मी हसलो नाही. तीच हसली, डोळे पुसेपर्यंत. मग पद्माकडं वळून, "केमिस्ट्री वर काढते आई, बघच."

शेवटी कान ते कानच!

२९ नोव्हेंबर

प्रमोदला सहज विचारलं, पानाच्या कोपऱ्यात हे नाव काहून येतं आपोआप?

"आपोआप कुठलं, भाऊ? तुमचं पान कोण बघून गेलं, त्याचं नाव येतं तिथं. तुमी कोणाकडं गेले की तुमचं बी तिकडं उमटतं."

धरणाच्या फोटोसकट रोहिणीचं पान आजवर एकाच माणसानं पाहिलंय. ऐश्वर्यानं.