फरशी कोरडी होती

मानवत, मंगळवार, ९ डिसेंबर

ती. वैजयंती आत्याबाईंना शिवकन्याचा शरणार्थ.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की अप्पा ओल्या फरशीवरून घसरले. फरशी कोरडी होती. अप्पा इष्टलिंगाची पूजा आटोपून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते चौरंगावर पडले. "वली होती, तसंच लिव," असं कपाळाला टाके घालून आल्यावर त्यांनीच सांगितलं आणि मी तसंच लिहिलं. ओली फरशी म्हटली की ती कुणीतरी पुसलेली असते आणि आपल्या घरी ती राजेश्री वहिनी पुसते, हे पत्र पेटीत टाकल्यावर माझ्या डोक्यात आलं. आता भेटायला येणारी प्रत्येक बाई दादाच्या बायकोला फडकं कसं पिळावं ते शिकवून जाते.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामांची शुगर? इकडे सगळं क्षेम आहे. (हे वाक्य हाताच्या सवयीने आलं, खोडत नाही, पण खरं मानू नका.) फोन न करता लिहितेय, कारण आपल्याकडे फोन स्पीकरवर ठेवून बोलतात आणि अप्पा शेजारीच बसलेले असतात.

तर अप्पांचं 'ते'. घरात त्या दुखण्याला एवढंच नाव आहे. मी स्पष्ट लिहिते, लाज वाटली तर पान उलटा: लघवी अडते, सारखी लागते, आणि गावाला जायचं ठरलं की आदल्या दिवसापासून पाणी बंद. परभणीच्या डॉक्टरांनी एक कॅप्सूल दिली. एकीतच दोन औषधं आहेत. एक वाट सैल करतं, दुसरं वाढलेली प्रोस्टेटची गाठ महिनोन् महिने घेऊन बारीक करतं. गुण चांगला आला. अप्पा जीप कुठेही न थांबवता देवगाव फाट्यापर्यंत जाऊन आले आणि हा पराक्रम त्यांनी दुकानात सगळ्यांना सांगितला (पराक्रम नेमका कशाचा, ते सोडून).

मग त्यांना कुठूनसं कळलं की कॅप्सूलचं वरचं टरफल जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात. "जन्मात अंडं शिवलो न्हाई, अन् आता हाडं गिळू का?" औषध बंद करणं मात्र परवडणारं नव्हतं. म्हणून तोडगा निघाला. टरफल उघडून फेकायचं, आतलं वाटीत मधाबरोबर घोटायचं आणि पूजेआधी द्यायचं. घोटायचं काम अप्पांच्या नातसुनेचं, म्हणजे वहिनीचं. तिच्या हाताला गुण आहे म्हणे.

तुम्हाला ठाऊक आहे, मला अक्षरं शाळेआधी अप्पांनी शिकवली, आपल्या आडत दुकानातल्या पोत्यांवरची. आधी पोतं वाचायचं, मग व्यापाऱ्याचं ऐकायचं, असं ते सांगायचे. ते पडल्यावर मी औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचला आणि घाबरून परभणीला गेले. दवाखान्यात सगळे आजोबा रांगेत, त्यांच्यात मी एकटी. एकाने प्रेमाने सांगितलं, "बाळा, बायांचा दवाखाना वरल्या मजल्यावर हाय." डॉक्टर म्हणाले, ही दोन औषधं जोडीने कितीतरी म्हातारे घेतात, चक्कर येऊ शकते, म्हणून दमानं उठायचं, बाकी घाबरण्यासारखं नाही. मग मी वाटीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिलं औषध पोटात हळूहळू सुटावं असं बनवलेलं असतं. घोटलं की ते एकदमच अंगात उतरतं. म्हणजे अप्पांना फरशीने नाही, मधाने पाडलं.

आणि दुसरं औषध. आत्याबाई, त्याची पूड दिवस गेलेल्या बाईने हातात धरायची नसते. ते कातडीतून आत जाऊ शकतं आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीत दोष राहू शकतो.

वहिनीला दिवस गेलेत. तीन महिने झाल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, ही आपली रीत मी या ओळीत मोडली. आपल्या घरात दोन गोष्टी बोलायच्या नसतात आणि त्या दोन्ही एकाच वाटीत घोटल्या जातात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मुलगाच हाय बघ, चेहरा उतरलाय तिचा," आणि खूश झाली. मी पुढचं सांगितलं, तेव्हा म्हणाली, "लगीन न झालेल्या पोरीनं हे शब्द तोंडातून काढू नयेत."

मी वहिनीलाही सांगितलं, तेव्हा तिने एक दिवस बोटांना पिशवी गुंडाळून घोटलं. अप्पांनी वाटी सरकवली. "माझ्या औषधाचा इटाळ व्हायलाय का गं तुला?" (आपल्यात विटाळ मानत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलंय.) तेव्हापासून ती पुन्हा उघड्या बोटांनी घोटते. मी आधी उठून वाटी पळवते, पण रोज जमत नाही. गुपचूप अख्खी कॅप्सूल लाडवात घालून द्यावी, असंही मनात आलं होतं. पण त्यांच्या व्रताला मी फसवणार नाही. डॉक्टर म्हणाले, अप्पांना घेऊन या, टरफल नसलेल्या वेगळ्या गोळ्या बघून लिहून देतो. अप्पा येत नाहीत. आले तर चक्कर आली होती असं सांगावं लागेल, आणि मग फरशी कोरडी ठरेल.

मामांना नमस्कार. तब्येतीला जपा.

आपली,
शिवकन्या

ता. क. : टरफलाचा तो मेसेज अप्पांना तुमच्या फोनवरून आला होता. बहुतेक कॅप्सूलांबाबत तो खरा आहे, मी तपासलं. म्हणून दोष देत नाही. पण अप्पा तुमचंच ऐकतात. हाडं नसलेली गोळी मिळते, तेवढं त्यांना फोन करून सांगा. स्पीकरवर असलं तरी चालेल.

ता. क. दुसरा : वहिनीला मी बायांच्या डॉक्टरांकडे नेणारच आहे. फोन आला तर अप्पांनाही त्याच गाडीने. नाही आला, तर पूजेनंतर सगळे प्रसादाला बसलेले असताना अप्पांचं 'ते', वहिनीचे दिवस आणि कोरडी फरशी, तिन्ही मी मोठ्याने सांगणार आहे. सोमवारी, १५ डिसेंबरला.