एका चुलीची माणसं

पापडी,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय फ्लॉसी,

येशूच्या कृपेने इकडे बरं आहे. ऑस्टिनचा फोन आला होता, त्यांची बोट सिंगापूरला लागली. क्लेमेंट भावजींचा खोकला थांबला का? तू म्हणशील, मध्ये एक भिंत, आणि ही जाऊ पत्र कसली लिहिते! समोर आले तर भांडेन, म्हणून लिहिते.

गेल्या बुधवारी ती आहार पाहणीवाली हेमाली मापाच्या वाट्या घेऊन तुझ्याकडे आली, तेव्हा मी तापाने घरीच होते. खिडकीला कान लावून सगळं ऐकलं. तिने विचारलं, "एका किचनमधलं जेवणारी माणसं किती? तेवढी फॅमिली धरायची." तू चार म्हणालीस. लगेच माझी विनी ओरडली, "पाच! मी पण काकीकडेच जेवते."

तू हसलीस. नाही म्हणाली नाहीस.

मग हेमाली माझ्याकडे आली. मी म्हटलं, आम्ही मायलेकी दोघी. ती म्हणाली, "मॅडम, विनी तिकडे लिहिली ना. तुम्ही एकट्याच." फ्लॉसी, नवरा बोटीवर, पोटची पोर शेजारी, आणि देश काय खातो त्या हिशेबात मी एकटी! बँकेतून यायला मला आठ वाजतात, हा काय माझा गुन्हा? तुला दोन आहेत ना? मग माझी एक कशाला हवी?

हेमाली आज पुन्हा येणार होती. एका दिवसाच्या जेवणावरून काही कळत नाही म्हणे, आणि विचारते आदल्या दिवशीचं. म्हणून काल आणि आज मी रजा टाकली आणि विनीला तुझ्याकडे पाठवलं नाही. तू हेमालीला सांगितलेली बोंबलाच्या भुजण्याची कृती मी ऐकलीच होती. तसंच केलं, तेवढाच लसूण, तेवढीच चिंच. विनीने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. खरं सांग, कृती खोटी सांगितलीस ना? तसं असतं तर फार बरं वाटलं असतं.

आज हेमालीने तिला विचारलं, "काल काय काय खाल्लंस?" पोरगी माझ्याकडे बघत म्हणाली, "काही नाही." डबाही शाळेतून भरलेला परत आलाय. माझ्यासारखीच हट्टी आहे, मरेल पण मागणार नाही. रात्रभर तिला उपाशी ठेवायची हिंमत माझ्यात नाही.

पत्रासोबत माझं पातेलं ठेवलंय. भुजणं केलं असशील तर त्यात घालून मागच्या दाराशी ठेव. मी घरात घेईन आणि सांगेन, मीच केलंय. तू विनीला कधी काही बोलायचं नाहीस. माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि आभारही मानणार नाही.

विनीची आई,
प्रिस्का