नंतर या

मंगळवार, नांदेड

कंपनीच्या मेल सर्व्हरवर स्पॅम लई वाढला होता. आज नवा नियम लावला. अनोळखी पत्त्यावरून मेल आला की सर्व्हर तो घेत नाही, 'नंतर या' म्हणून परत पाठवतो. खरा पाठवणारा थोड्या वेळानं पुन्हा येतो, स्पॅमवाला सहसा येत नाही. मालक म्हणाले, "अन् गिऱ्हाईक परत न्हाई आलं तर?" म्हटलं, खरं असेल तर येतंच.

संध्याकाळपर्यंत इनबॉक्स साफ. बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

नंतर या. रविवारी बायकोला आणायला हदगावला गेलो, तेव्हा सासऱ्यांचेही हेच शब्द होते. ओट्यावरच चहा दिला अन् म्हणाले, "जावईबापू, सुनीता झोपली हाय. नंतर या." आतून तिचाच आवाज येत होता. मी कप खाली ठेवला अन् मिळेल त्या बसनं परत आलो. चिडलोसुद्धा नाही.

नंतर म्हणजे कधी, हे विचारलं का नाही मी? दोन दिवस झाले, मी फोन केला नाही, परत गेलोही नाही.

जे मेल परत आले नाहीत, ते सगळे आज स्पॅम धरले. हदगावात मलाही तसंच धरलं असेल.