तळघरातली ऊब

१४ नोव्हेंबर
आज केलचा पाला घातलेल्या बटाट्याच्या सूपमध्ये लोकरीचा धागा निघाला. संस्कृतींचा ऱ्हास अशाच धाग्यांपासून सुरू होत असावा. आई हातमोजे घालून स्वयंपाक करते. म्हणते, तळघर गारठलंय, तू पाइप गुंडाळलेस तेव्हापासून. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या वाफेच्या पाइपांना मी जाड वेष्टन घातले ते तेलाची बचत व्हावी म्हणून. थंडीशी त्याचा संबंध नाही. निव्वळ योगायोग.

१६ नोव्हेंबर
आईला म्हटले, वरच्या स्वयंपाकघरात ये. "ते पाहुण्यांचं आहे रे, अडेलिनू! तिथे मी मासे तळू?" आमच्या या अमेरिकन गावात, फॉल रिव्हरमध्ये, प्रत्येक पोर्तुगीज घरात हाच कायदा. वर चकचकाट, खाली चूल.
बारमाही उन्हाच्या फ्लोरिडाहून फिलोमेनाचा फोन. "दादा, नाताळपर्यंत तळघर गरम कर, नाहीतर आईला मी इकडे आणते." धाकट्या बहिणीने धमक्या द्याव्यात!

२३ नोव्हेंबर
संकल्प: तळघरात बॉयलरच्या वाफेवर तापणारा रेडिएटर. प्लंबर नको. मी शाळेत लॅटिन शिकवतो. दोन पाइप जोडायला तेवढी विद्या पुरे. ओतीव लोखंडाचा, नक्षीदार, जुना मिळाला. आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसवला.

३० नोव्हेंबर, सकाळ
गरम! फिलोमेनाला कळवले. जरा जास्तच तपशिलाने.

दुपार
थंड. शिवाय आत कोणी घण घालत असल्यासारखा आवाज. आई म्हणाली, "स्वर्गातून तुझे वडीलच ठोकतायत. न विचारता केलेलं काम त्यांना कधी खपलं नाही."

२ डिसेंबर
कारण कळले. वाफेचे पाणी झाले की ते आपल्या वजनाने बॉयलरकडे उतरायला हवे. माझा रेडिएटर बॉयलरमधल्या पाण्याच्याही खाली. पाणी चढायला तयार नाही. हट्टी पदार्थ. उपाय: रेडिएटर छताला टांगणे.

९ डिसेंबर
टांगला. पाठ धरली. आईचे डोके तापते, पाय बर्फ. "आता मलाही उलटी टांग, म्हणजे झालं!"

१५ डिसेंबर
आई रात्रभर खोकली. सकाळी पाइपांवरचे वेष्टन ओरबाडून काढले. उघड्या पाइपांनी जेवणापर्यंत तळघर पूर्वीसारखे उबदार. धावत वर जाऊन सांगितले. आई बॅगेत स्वेटर भरत होती. मग ते काढून ठेवले. "तिकडे कशाला लागतायत?" म्हणाली. "फिलोमेनानं तिकीट काढलंय, बाळा. दोन महिन्यांचा तर प्रश्न."

२० डिसेंबर
आईला विमानतळावर सोडून आलो. खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून खूश होती. मागे वळून एकदाच हात हलवला.
दोन महिन्यांनी येईल, असे सगळे म्हणतात.
तिला तिथे आवडेल, अशी मला भीती वाटते.