अकरा लक्ष अकरा हजार एकशे अकरा

९ फेब्रुवारी २०२६, केडगाव
सूनबाई शुभांगीने पुण्यात आदिनाथला दिलेला वृत्तान्त अशुद्ध आहे. मी ‘हरवलो’ नव्हतो. काष्टीच्या बाजाराला निघालो आणि पाथर्डीच्या एस.टी.त बसलो, एवढेच. हरवतो तो, ज्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक नसते. मी पाथर्डीत आहे, हे मला कंडक्टरने सुस्पष्ट सांगितले होते.
तरीही चिरंजीव म्हणतात, “अण्णा, बास झालं आता. घराला कुलूप लावू, पुण्याला चला.”
जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधन करून इतरांच्या चुका काढल्या, त्या माणसाला हे!

११ फेब्रुवारी
आदिनाथशी करार. ११,११,१११ ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही, हे मी यंत्राविना सिद्ध करीन. केले, तर पुण्याचा विषय कायमचा बंद. चुकलो, तर कुलूप. तो हसला, चालेल म्हणाला.
संख्या निर्दोष आहे. उलट वाचली तरी तीच. वर्ग केला, तर १२३४५६७६५४३२१. एकही मुद्रणदोष नाही!
शिवाय सात ही मूळ संख्या. म्हणून सात एकांची संख्याही मूळ असणारच. १११ ला तीनने भाग जातो, ११,१११ ला एक्केचाळीसने. ते अपवाद. व्याकरणातही असतात.

१६ फेब्रुवारी, सकाळी
वर्गमूळ सुमारे १०५४, म्हणून तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. छापील यादीचा टाईप फार बारीक. शुभांगी फोनवर वाचते, मी उतरवून घेतो. मध्येच ती “दोनशे तीस नऊ” म्हणाली. शिक्षिका असून! “एकोणचाळीस म्हण,” असे बजावले. “बरं अण्णा, दोनशे एकोणचाळीस. लिहिलंत ना नीट?”
मला विचारते!

२३ फेब्रुवारी
२४९ ने भागले. बाकी ७३. शंकेस जागा नाही.
स्वयंपाकाच्या बायडाबाई म्हणाल्या, “अण्णा, सकाळचं ताट तसंच हाय की. लई वाळलाय तुमी.” ‘लई’ नव्हे, ‘फार’. मी जेवलो होतो. बहुधा.

२९ फेब्रुवारी
सर्व भागाकार पूर्ण. भाग कशानेही जात नाही! आदिनाथला फोन केला: रविवारी या आणि कागद तपासा. कुलूप आणू नये.

८ मार्च
दोघे आले. शुभांगीने माझी यादी उचलली. २२९, २३३, २४९, २४१. क्रम बिघडलेला, आणि मला दिसला नाही. ती हळूच म्हणाली, “अण्णा, एकोणचाळीस म्हणजे...”
एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक उणा. हे मी आयुष्यभर लोकांना सांगितले. माझ्या हाताने ‘चाळीस’ ऐकले आणि चार काढला.
आदिनाथने २३९ ने भागले. भागाकार ४,६४९. बाकी शून्य.
मी म्हटले, हा अपवाद समजावा. कोणी हसले नाही.
“मी तीस नऊच म्हणायला हवं होतं,” शुभांगी म्हणाली. तिच्या वाक्यात दुरुस्ती सुचली नाही.

१५ मार्च
शुद्धिपत्र.
१६ फेब्रुवारी: ‘१५’ वाचावे. सोमवारी सकाळी शुभांगी शाळेत असते.
२३ फेब्रुवारी: ‘जेवलो होतो’ हे निश्चित सांगता येत नाही.
२९ फेब्रुवारी: यंदा हा दिवस नाही. ‘१ मार्च’ वाचावे.
पुण्यास प्रस्थान: २२ मार्च, रविवार. हा दिनांक आदिनाथकडून तपासून घेतला आहे.